प्रतिबिंब, आलेख्य आणि तुल्यदेही : पानाच्या अनुकरणाचा इतिहास

१४ मार्च २०२३ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीचे सहसंस्थापक ग्रेग ब्रॉकमन यांनी जीपीटी-४ या भाषिक प्रारूपाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. वहीच्या पानावर हाताने ओढलेला एका विनोदी संकेतस्थळाचा ओबडधोबड आराखडा त्यांनी यंत्राला दाखवला, आणि थोड्याच वेळात त्या आराखड्याबरहुकूम चालणारे पान समोर आले. विनोदाचा उत्तरार्ध उघड करणारे बटणही त्यात होते. आज ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. आवडलेल्या एखाद्या संकेतस्थळाचे चित्र यंत्रापुढे ठेवावे, 'या धर्तीवर करून दे' असे सांगावे, आणि चहा संपेपर्यंत आपले पान तयार व्हावे, हा आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही नित्याचा व्यवहार झाला आहे. त्या चित्राला या व्यवसायात 'प्रेरणा' असे भारदस्त नाव आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थबकावे हे स्वाभाविक आहे. आपल्याकडे रूपांतरित नाटकांची मोठी परंपरा आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. भाषांतर, रूपांतर, आधारित, प्रेरित अशा पायऱ्या आपण शतकाहून अधिक काळ वापरत आलो आहोत. मात्र पानाच्या रचनेविषयी असा विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही. पान म्हणजे मजकुराचे निव्वळ भांडे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः छापील पानाचा इतिहास हा अनुकरणाचा इतिहास आहे, आणि संकेतस्थळाचा इतिहासही त्याला अपवाद नाही. पाहिलेली वस्तू आणि केलेली वस्तू यांच्यामधले अंतर प्रत्येक काळात निराळे होते. त्या अंतरात काय घडत होते आणि आज ते मिटू लागल्यावर काय गमावण्याचा संभव आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संवादाचे तीन प्रकार

या विचारासाठी लागणारी परिभाषा आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात, दोन कवींच्या काव्यांत आढळणाऱ्या साम्याची चर्चा केली आहे. या साम्याला तो 'संवाद' म्हणतो. संवाद तीन प्रकारचा. पहिला प्रतिबिंबासारखा. आरशातल्या प्रतिमेला स्वतःचा असा आत्मा नसतो, म्हणून तो त्याज्य. दुसरा आलेख्यासारखा, म्हणजे चित्रासारखा. चित्राला आत्मा असतो, पण तो तुच्छ, म्हणून तोही त्याज्य. तिसरा तुल्यदेहीसारखा, म्हणजे दोन माणसे एकमेकांसारखी दिसावीत तसा. चेहरेपट्टी सारखी असली तरी दोघांचे प्राण वेगळे असतात, म्हणून अशा साम्याला कवीने भिण्याचे कारण नाही. सुंदर स्त्रीचे मुख चंद्रासारखे दिसते म्हणून कोणी त्याला चोरलेला चंद्र म्हणत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या तिहींना चौथ्या प्रकाराची जोड दिली. त्याला त्याने 'परपुरप्रवेश' म्हटले. मूळ वस्तू एकच, पण तिचा परिवार, तिचा साज पूर्णपणे वेगळा, असे त्याचे स्वरूप. राजशेखर व्यवहारी माणूस होता. ज्याच्या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटले गेले असा हा यायावर कुळातला पंडित, कवी आणि व्यापारी या दोघांनाही चोरीच्या आरोपातून मोकळे सोडत नाही. घेणे अटळ आहे, हे त्याला मान्य आहे. घेतलेल्याचे पुढे काय केले, एवढाच त्याचा प्रश्न आहे. हे चार शब्द हाताशी ठेवून आपण मुंबईत येऊ.

गणपत कृष्णाजींचा लाकडी छाप

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना सुरू झाला आणि मराठीतली धर्मप्रसारक पुस्तके लोकांच्या हाती पडू लागली. ती पाहून गणपत कृष्णाजी या गृहस्थाच्या मनात आले की अशीच पुस्तके आपल्या लोकांसाठी आपणही छापावीत. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथात या खटपटीची हकीकत नोंदवली आहे. शिकवणारे कोणी नव्हते. गणपत कृष्णाजींनी लाकडाचा छाप स्वतः तयार केला, शिळाछापासाठी दगड मिळवले, शाईचे प्रयोग केले, आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. पुढे त्यांनी टाइपही पाडले.

येथे मूळ वस्तू आणि नवी वस्तू यांच्यामध्ये सुताराचे काम आहे, रसायनाचे काम आहे, फसलेल्या शाया आहेत. अनुकरण करायचे तर प्रत्येक पायरीचे गुपित स्वतः शोधणे भाग होते. त्यामुळे मिशनऱ्यांचे पुस्तक पाहून सुरू झालेल्या खटपटीतून निघाले ते पंचांग, म्हणजे मिशनऱ्यांनी स्वप्नातही छापले नसते असे पुस्तक. शिळाछपाईत हातचे अक्षर जसेच्या तसे उमटते. पोथीच्या वळणाला सरावलेल्या वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. तंत्र परक्याचे आणि प्राण इथला, असे तुल्यदेहीचे हे अस्सल उदाहरण आहे.

हीच परंपरा पुढे जावजी दादाजींपर्यंत येते. मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून सुरुवात केलेल्या या माणसाने १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी टाइपाला जो घाट दिला तो कित्येक दशके प्रमाण मानला गेला. आनंदवर्धनाचा 'ध्वन्यालोक' प्रथम छापला गेला तो याच छापखान्याच्या 'काव्यमाला' मालेत, १८९१ मध्ये.

मॉरिसचे गिरवणे

त्याच १८९१ साली लंडनजवळ हॅमरस्मिथ येथे विल्यम मॉरिसच्या केल्म्स्कॉट प्रेसचे पहिले पुस्तक निघाले. त्याच्या टाइपाची जन्मकथा आपल्या विषयाला फार जवळची आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये एमरी वॉकर याने छपाईवर व्याख्यान दिले आणि जुन्या पुस्तकांतील अक्षरांची प्रचंड आकाराची चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखवली. मॉरिस भारावून गेला. पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये निकोलस जेन्सनने केलेले रोमन टाइप त्याने आदर्श म्हणून निवडले, त्यांची छायाचित्रे मोठी करून घेतली आणि ती अक्षरे पुनःपुन्हा गिरवली. वळणामागचे तत्त्व हातात मुरल्यानंतरच त्याने स्वतःचे अक्षर काढायला घेतले. त्यातून तयार झालेला 'गोल्डन' टाइप जेन्सनहून जाड आहे आणि गॉथिक वळणाकडे झुकलेला आहे. मॉरिसने आपल्या टिपणात हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. प्रेरणा कोठून घेतली हे लपवण्याची त्याला गरज वाटली नाही, कारण तिचे काय केले हे पानावर दिसतच होते.

या कथेचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. अमेरिकेतल्या टाइप ओतणाऱ्या व्यावसायिकांनी गोल्डन टाइपाचे यश पाहून थोड्याच वर्षांत त्याच्या धर्तीचे टाइप बाजारात आणले. त्यांना जेन्सन गिरवण्याचे कारण नव्हते. समोर तयार नमुना होता, गिऱ्हाईक होते, आणि यंत्रे होती. जेन्सनपासून मॉरिसपर्यंत तुल्यदेही आणि मॉरिसपासून पुढे आलेख्य, असा हा प्रवास आहे. दोहोंत 'घेणे' समानच आहे. फरक पडला तो मधल्या गिरवण्यामुळे.

उघडे पान

टिम बर्नर्स-ली याने स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली. १९९१ मध्ये ते संस्थेबाहेरच्या जगाला खुले झाले, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचे तंत्र सर्वांना मुक्त करून टाकले. या नव्या माध्यमाचे एक वैशिष्ट्य छापील पुस्तकाच्या इतिहासात कधीही नव्हते. प्रत्येक पान आपल्या घडणीसह वाचकाकडे येत असे. ब्राउझरमधली एक कळ दाबली की त्या पानामागची सारी खूणभाषा समोर दिसे. छापील पुस्तकासोबत त्याचे टाइप, जुळारीची पेटी आणि मुद्रकाच्या सूचना फुकट मिळाव्यात, असा हा प्रकार होता.

संकेतस्थळे घडवणाऱ्यांची पहिली पिढी याच शाळेत शिकली. आवडलेले पान उघडायचे, त्याची खूणभाषा आपल्या फाइलीत उतरवायची, एखादी ओळ काढून पाहायची, काय मोडते ते बघायचे. हे गिरवणेच होते, आणि त्यात वाईट सवयीही गिरवल्या जात. पानाची मांडणी करण्याची सोय नसल्यामुळे लोक तक्त्यांच्या चौकटी वापरत आणि जागा अडवण्यासाठी अदृश्य चित्रांचे ठिगळ लावत. नक्कल करणाऱ्यांमुळे ही ठिगळे साऱ्या महाजालात पसरली. मजकूर आणि त्याचे रूप यांची फारकत करणारी सीएसएस ही पद्धत होकोन व्ह्यूम ली याने १९९४ मध्ये सुचवली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. तरी ती रुळायला बरीच वर्षे गेली.

ती रुळवण्यात ज्या उपक्रमाचा मोठा वाटा आहे, तो राजशेखराला नक्की आवडला असता. मे २००३ मध्ये डेव्ह शे या कॅनेडियन रचनाकाराने 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केले. नियम एवढाच की मूळ मजकुराच्या खूणभाषेला हात लावायचा नाही, केवळ सीएसएस बदलायची. जगभरच्या रचनाकारांनी त्या एकाच देहाला शेकडो वेष चढवले. परपुरप्रवेशाचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. त्या उपक्रमाची नीतीही लक्षणीय होती. रचनेतली चित्रे ज्याची त्याच्या मालकीची, परंतु सीएसएस इतरांना अभ्यासासाठी खुली. काय उचलायचे नाही आणि काय शिकायचे, यांच्यामध्ये तिथे स्पष्ट रेघ ओढलेली होती.

सरासरीचे सौंदर्य

यानंतरचा काळ तयार भागांचा आहे. ट्विटरमधील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी २०११ मध्ये 'बूटस्ट्रॅप' खुले केले. बटणे, रकाने, मथळे सारे तयार. असंख्य संकेतस्थळे त्यामुळे नीटनेटकी झाली, आणि एकमेकांसारखी दिसू लागली. २०१७ मध्ये अ‍ॅडम वॅदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'टेलविंड' आले. त्याची लहान लहान पदे लोकांनी इतकी वापरली की महाजालावरच्या खूणभाषेत ती जागोजागी दिसू लागली.

त्याच २०१७ साली टोनी बेल्ट्रामेली याने 'पिक्स-टू-कोड' हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पडद्याचे एक चित्र पाहून त्यामागची आज्ञावली लिहिणारे हे जाळे सत्त्याहत्तर टक्क्यांहून अधिक अचूक असल्याचे त्यात नोंदवले होते. सहा वर्षांनी ब्रॉकमन यांचे प्रात्यक्षिक झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी यांनी, आज्ञावलीकडे न पाहता नुसत्या सांगण्यावरून ती घडवून घेण्याच्या रीतीला 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले. त्या वर्षअखेरीस कॉलिन्स शब्दकोशाने ते वर्षाचा शब्द म्हणून निवडले.

ही यंत्रे काय करतात हे थोडक्यात असे सांगता येईल. त्यांनी अफाट प्रमाणात मजकूर आणि आज्ञावली वाचलेली असते, आणि समोर जे आहे त्यापुढे काय येणे सर्वाधिक संभवते, हे ती पदोपदी ठरवत जातात. त्यामुळे नमुना न देता 'सुंदर पान कर' असे सांगितले, तर जे सर्वत्र आढळते तेच उमटते. याचा एक गमतीदार पुरावा आहे. यंत्राने केलेल्या पानांवरची बटणे पुष्कळदा निळसर जांभळी असतात. टेलविंडच्या तयार नमुन्यांत काही वर्षांपूर्वी बटणांना तो रंग दिला गेला होता. नमुने सर्वदूर पसरले, यंत्रांनी ते वाचले, आणि एका माणसाची सहज केलेली निवड यंत्राची अभिरुची होऊन बसली. २०२५ मध्ये वॅदन यांनी त्याबद्दल जाहीरपणे, अर्थात थट्टेने, माफी मागितली. अनेकांची सरासरी काढून आलेले रूप ओळखीचे असते, पण त्याला स्वतःचा चेहरा नसतो. हे आनंदवर्धनाचे आलेख्य.

उलट एकच नमुना दिला आणि 'असेच कर' म्हटले, तर यंत्र तो नमुना परत देते. हे प्रतिबिंब. कायद्याच्या भाषेत या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर आहे. 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' या १९७८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो अभिव्यक्तीवर असतो. दोन्ही कृती पाहिल्यावर दुसरी पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा सामान्य प्रेक्षकावर उमटतो काय, ही त्याची कसोटी. तो वाद एका नाटकाचा आणि चित्रपटाचा होता, पण कसोटी पानालाही लावून पाहण्याजोगी आहे. मात्र न्यायालय चोरी झाली की नाही एवढेच सांगू शकते. वस्तूला प्राण आहे की नाही, हे सांगणे त्याचे काम नव्हे.

देवनागरीची परीक्षा

हा प्राणाचा प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून एक साधे उदाहरण पाहू. मराठी नियतकालिकासाठी यंत्राकडून पान करून घेताना एखाद्या देखण्या इंग्रजी मासिकाचे चित्र प्रेरणा म्हणून दिले, तर जे होते ते आम्ही आमच्या विभागात अनेकदा पाहिले आहे. इंग्रजी मथळ्यातली अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली असते. तीच जागा देवनागरी मथळ्यात आली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. इंग्रजी ओळी एकमेकींजवळ सरकवलेल्या असतात. तेवढ्याच अंतरात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत अडकतात, क्वचित चौकटीच्या कडेला कापलेही जातात. निवडलेल्या टाइपात देवनागरी नसली, तर ब्राउझर हाताला लागेल तो दुसरा टाइप लावतो. पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद तशीच राहिली, तर दृष्टिहीन वाचकासाठी पान मोठ्याने वाचणारी आज्ञावली मराठीचे उच्चार भलतेच करू शकते, किंवा मजकूर गाळूही शकते.

यांतली एकही गोष्ट अवघड नाही. यंत्राला नेमके सांगितले तर ते एका दमात सारे दुरुस्त करते. पण सांगण्यासाठी दिसावे लागते, आणि दिसण्यासाठी डोळा तयार असावा लागतो. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरीच्या मुद्राक्षरांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजबरोबर आलेला 'मंगल' टाइप घडवला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे टाइप सर्वांसाठी खुले केले. या सर्वांनी अक्षर गिरवले होते, म्हणून त्यांना ते दिसत होते. पाहणे आणि करणे यांच्यामधल्या ज्या अंतराचा उल्लेख आरंभी केला, त्यात डोळा घडत असे. यंत्राने ते अंतर मिटवले की वस्तू लवकर मिळते, पण डोळा घडायचा राहून जातो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गणपत कृष्णाजी हे काही प्रशिक्षित मुद्रक नव्हते. ज्याच्या हाती साधन नाही अशा माणसाची हौस आणि जिद्द त्यांच्यापाशी होती. आज तालुक्याच्या गावातली शिक्षिका, बचतगटातल्या बाया किंवा एखादे ग्रंथालय, पैसे न खर्चता आपले पान उभे करू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. गिरवण्याचे गोडवे गाताना, गिरवायला फुरसत कोणाला होती, हा प्रश्न आम्हा पगारदार प्राध्यापकांनी विसरू नये. तसेच या सोयीची किंमत कोणी तरी मोजत असते, हेही विसरू नये. जानेवारी २०२६ मध्ये वॅदन यांनी आपल्या लहानशा कंपनीतील तीन चतुर्थांश अभियंते कमी करावे लागल्याचे सांगितले. टेलविंडचा वापर वाढतच होता, पण उत्तरे यंत्रच देऊ लागल्यामुळे लोक त्यांच्या माहितीच्या पानांवर येईनासे झाले, आणि तेथूनच त्यांना गिऱ्हाईक मिळत असे. ज्याचे गिरवून यंत्र शिकले, त्याच्याच दारातली वर्दळ आटली.

मग करावे काय? यंत्र नाकारणे हा उपाय नव्हे, आणि तो कोणी ऐकणारही नाही. वर्गात मात्र एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. विद्यार्थ्याने नमुन्याचे चित्र यंत्राला देण्यापूर्वी, त्यात आपल्याला नेमके काय आवडले ते अर्ध्या पानात मराठीत लिहावे. समासाची रुंदी आवडली, की मथळ्याचा संथपणा, की चित्रांची विरळ मांडणी? यंत्राने पान दिल्यावर त्याची खूणभाषा उघडून किमान तीन ओळी स्वतः बदलाव्यात आणि काय मोडते ते पाहावे. शेवटी प्रेरणा कोठून घेतली याची नोंद पानाच्या तळाशी, मॉरिससारखी, उघडपणे करावी. अर्धे पान लिहिताना नमुना नुसता डोळ्यांपुढे राहत नाही, तो विचारात उतरतो, आणि यंत्राला दिलेल्या सूचनेत लिहिणाऱ्याचे स्वतःचे काही येते.

राजशेखराने घेणाऱ्यांची प्रतवारी लावली ती त्यांना शिक्षा करण्यासाठी नव्हे, कवी घडवण्यासाठी. 'काव्यमीमांसा' हा मुळात शिकणाऱ्या कवीसाठी लिहिलेला ग्रंथ आहे. आपल्या संकेतस्थळांविषयी आज तशाच प्रतवारीची गरज आहे, आणि ती लावण्याचे काम संगणकशास्त्राच्या विभागावर सोपवून मराठीच्या विभागाला मोकळे होता येणार नाही.